राजय्यानं फीत बांधली

मंडळी, देणारा माणूस देऊन मोकळा होतो, की देऊन अडकतो? नुसत्या माना डोलवू नका, उत्तर द्या! नाही येत? मग ऐका. खोटं वाटलं तर माझ्या पगडीला विचारा, ती माझ्याहून जास्त ऐकते!

राजय्या इरबत्ती तेलंगणातून सोलापुरात आला तेव्हा अंगावर एक धोतर आणि तोंडात एकच मराठी शब्द—'काम'! "नाव काय?" "काम!" "गाव?" "काम!" दिलं बुवा कुणीतरी! हातमागावर बसला. सूत तुटलं की दोन्ही टोकं धरायची, चिमटीत गाठ, की माग पुन्हा सुरू! हात असा चपळ, की गाठ आधी बसायची आणि सूत मागाहून तुटायचं! हसा, हसून घ्या. पुढे हसू यायचं नाही.

गिरणी झाली, बंगला झाला. राजय्यानं शाळेला दिलं, पाणपोईला दिलं—आणि निवडणुकीत दामूअण्णांनाही दिलं! हे दामूअण्णा पुढारी. निवडून आले. राजय्याला आईच्या नावानं बाळंतपणाचा दवाखाना काढायचा होता. अण्णा म्हणाले, "शेठ, जागा मी मोकळी करून देतो."

मोकळी! अहो, तिथं झोपड्या होत्या! कालपरवा तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या! राजय्यानं चौकशी केली नाही. फुकटची जागा कोण निरखून घेतं? तुम्ही घ्याल?

भूमिपूजनाचा दिवस उजाडला. मंडप, लाल फीत, चांदीची कात्री. फितीपलीकडे झोपड्या आणि त्यांच्यासमोर बुलडोझर! ड्रायव्हर गफूरला हुकूम होता—"फीत कापली की घाल पुढं!"

एवढ्यात एक म्हातारी धावत आली.

"अय्या, मालक! सून बाळंतपणाला अडलीय माझी! हलवता येईना. थांबा हो!"

राजय्या चपापला. "अण्णा, हे लोक—"

"जातील कुठंतरी! मुहूर्त टळतोय. कापा शेठ!"

राजय्याच्या हातातली कात्री हलेना. झोपडीतून किंकाळी आली. गफूरनं इंजिन सुरू केलं—घर्रर्र!

"आणा इकडं!" अण्णांनी कात्री हिसकावली—कच्च!

फीत तुटली. आणि काय सांगू मंडळी! राजय्याचे हात उठले—त्याला न विचारता उठले!—दोन्ही टोकं धरली, चिमटीत गाठ!

"शेठ, हे काय?" कच्च! पुन्हा गाठ! कच्च! गाठ!

"गफूर, बघतोस काय? चालव!"

"साहेब," गफूर वरून ओरडला, "कापलीय कुठं? अखंड दिसतीय की!"

अण्णा राजय्याच्या कानाशी लागले. "निवडणुकीत दिलंत, त्याचीच परतफेड करतोय. चारचौघांत शोभा नको."

राजय्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. "परतफेड? मी देणगी म्हणालो होतो, अण्णा. म्हणजे मी दिलं नव्हतंच. ही झोपडी विकत घेत होतो!" मग मान वर करून गरजला, "बंद कर रे गफूर! नको मला ही जागा!"

इंजिन थांबलं. आणि त्या शांततेत झोपडीतून आवाज आला—ट्याँहाँ! ट्याँहाँ!

दवाखाना झाला, राजय्याच्या बंगल्याच्या बागेत! फीत अजून दाराला आहे. मी पाहिलीय—नुसत्या गाठी. कापड शोधावं लागतं!

आता आरतीचं ताट फिरेल. पुढच्या रांगेतले पाहुणे, या मंडपाची फीत सकाळी तुम्हीच कापलीत ना? टाका, खुशाल टाका! पण टाकताना मनात काही मागणं आलं, तर हात तसाच मागं घ्या. तुमच्यावाचून ताटातला दिवा विझायचा नाही.

हं, वाजवा टाळ!