मी एकट्यानं काढलेला डॅशबोर्ड

नाही, मी काय म्हणतो, एखादा माणूस स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या गाडीत, सीटवर पाय आणि ब्रेकशेजारी डोकं अशा अवस्थेत पडला असेल, तर त्याला सुखानं पडू द्यावं की नाही? हातात पाना, तोंडात बॅटरी, नाकात गंज... आणि बाहेरून आवाज येतो, "बाला, हाय ना रं जिता?" आता तोंडात बॅटरी धरलेला माणूस काय उत्तर देणार? मी "ऊं" म्हटलं. तेवढ्या त्या ऊंवर शेजारच्या बाबाजींनी घराकडे हाक घातली, "हौसा गो, ये लवकर, मास्तरांचा पोर गाडीत अडाकला."

आणि हे सगळं मी एकट्यानं करणार होतो, बरं का.

तुम्हाला सांगतो, गाडी म्हणजे आमची फियाट, माझ्या जन्माआधीची. वडिलांची. वडील म्हणजे रघुनाथ मास्तर, कासूच्या आसपासच्या निम्म्या गावांना गणित शिकवलेले. मला त्यांनी शिकायला जर्मनीत धाडलं, तिथे मी जुन्या गाड्या नव्यासारख्या करायला शिकलो, चांगली नोकरी लागली... आणि मी परत आलो. का? तर इथेच, पेण आणि रोह्याच्या मध्ये, जुन्या गाड्यांचा कारखाना काढायचा, आपल्या मुलांना आपल्या मातीत हे काम शिकवायचं. हे मी वडिलांना ओटीवर उभं राहून सांगितलं. भाषण छान झालं हो. 'माती' हा शब्द तर चार वेळा आला. वडील सुपारी कातरत होते. म्हणाले, "तिकडची नोकरी अजून राखून ठेवलीय ना त्यांनी? मग असं कर. फियाटचा डॅशबोर्ड न तोडता काढून दाखव. निघाला तर राहा. तुटला तर तिकीट काढायचं आणि पुन्हा मातीचं नाव घ्यायचं नाही."

डॅशबोर्डच का, तर काचेखालचा पत्रा गंजलेला, आतल्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, आणि डॅशबोर्ड निघाल्याशिवाय तिथे हात जात नाही. आणि वरचं काळं प्लास्टिक इतकी वर्षं ऊन खाऊन असं झालेलं, की पोह्याच्या पापडानं त्याला दादा म्हणावं. तेव्हा मी काय ठरवलं? शांतपणे, एकट्यानं, डॅशबोर्डच्या जोडणीचा नकाशा समोर ठेवून काम करायचं. भात पिकत आलेलं, कापणीला अजून वेळ, माणसं मोकळी... हे मोकळी माणसं प्रकरण माझ्या नकाशात नव्हतं.

बाबाजी दाराशी उकिडवे बसले. मी बॅटरी काढून म्हटलं, "काका, मदत नको, खरंच." ते म्हणाले, "आमी कुठं मदत करतो? आमी नुस्तं बगतो." हौसाकाकू आल्या, त्याही नुसतं बघायला. मग महिपती आला. महिपती कासू-पेण मिनीडोर चालवतो. आता मिनीडोर चालवणारा रस्त्यावरून जाताना उघडी गाडी बघेल आणि पुढे जाईल? त्यानं भरलेली मिनीडोर आमच्या फाटकाशी उभी केली, आणि आतली पेणला निघालेली सगळी माणसं उतरून कुंपणाला लागली. त्यातल्या एका बाईंना दवाखान्यात जायचं होतं, त्या म्हणाल्या, "जाऊ दे, आता जरा बरं वाटतंय."

"गोपाळदादा," महिपती म्हणाला, "हा असा नाय निघायचा. हिसका मारायला लागतो." "हिसका नको," मी म्हटलं. "बारीकसा." "बारीकसाही नको." "मंग नुस्तं धरतो." आणि त्यानं धरलं. त्यानं एक टोक धरलं म्हटल्यावर बाबाजी दुसऱ्या टोकाला उपाशी कसे राहतील? मी सगळे स्क्रू काढलेले होतेच, डॅशबोर्ड वीतभर पुढे आला... आणि अडला. तसाच. मागेही जाईना, पुढेही येईना. आणि मधोमध एक आवाज आला. करर.

ओटीवर वडिलांचा अडकित्ता थांबला.

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या क्षणी मला विमानतळ दिसला. "कुणी हलू नका," मी म्हटलं. कुणी हललं नाही. दोघंही ओणवे, हातात डॅशबोर्ड, त्यांनी खाली ठेवला तर तुटणार, वर ओढला तर तुटणार. मी एकट्यानं करणार होतो ना? एकटा असतो तर डॅशबोर्ड कुणी धरला असता, हे मला तेव्हा सुचलं. तोवर सुचलं नव्हतं.

अडकलं होतं काय, तर वेग दाखवणाऱ्या तबकडीच्या मागची केबल. तिला एक गोल नट असतो, बोटांनीच फिरवायचा. पण आत सापटीत माझा हात मनगटापुढे जाईना. हौसाकाकूंनी हे बघितलं आणि बांगड्या उतरवायला लागल्या. "सर बाजूला," म्हणाल्या. "म्हस अडली की मी काय करते? आत काय दिसतं व्हय?" कोपरापर्यंत खोबरेल लावलं आणि हात खालून आत घातला. "वायरी हायत... काय तरी मऊ हाय, उंदराचं घर असंल... ह्या काय, गोल हाय, सुपारीयेवढं."

"तोच, काकू. डावीकडे फिरवा."

"तुजा डावा का माजा?"

आता बघा, हा प्रश्न मला जर्मनीत कुणी विचारला नव्हता. मी विचारात पडलो तेवढ्यात बाबाजी ओणव्यानंच म्हणाले, "गाडीचा तोंड खाडीकडं हाय. म्हंजे डावा त्यो रोह्याकडं. हौसा गो, वरनं रोह्याकडं फिरव." कुंपणावरून दुजोरा आला, "व्हय, रोह्याकडं." हौसाकाकूंनी फिरवला. "ह्यो तं आवळतोय रं." "जोर लावा," मी म्हटलं. त्यांनी लावला. करर. महिपती म्हणाला, "दादा, माजी कंबर गेली, मी उभ्यानं नाय मरत, बसून मरतो."

आणि ओटीवरून शांत आवाज आला. "पेणकडे फिरव, हौसा."

वडील चप्पल घालून खाली आले, गाडीपाशी वाकले आणि मला म्हणाले, "नकाशा पाठीमागून काढलेला आहे. तू पुढून बसलायस. उलटं होणार." मी म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत?" "तुझ्या आईला माहेराहून आणताना ही केबल निडीच्या रेल्वे फाटकापाशी तुटली होती. मीच बदलली. आधी मीही रोह्याकडेच फिरवत होतो. तासभर. तुझी आई टोपलीतले सगळे पेरू खाऊन संपवून बसली."

नट पेणकडे फिरला. पण त्याआधी, तुम्हाला सांगतो, मी नकाशा सोडून वडिलांकडेच बघत होतो. कारण माझ्या लक्षात आलं, की डॅशबोर्ड तुटला असता तर मी जाणार होतो, आणि यांना फक्त ओटीवर गप्प बसायचं होतं. तेवढंसुद्धा यांच्यानं झालं नाही.

डॅशबोर्ड अख्खा निघाला. आठ हातांनी, पालखी उचलावी तसा, हौसाकाकूंच्या गोधडीवर ठेवला. कोपऱ्याला एक केसाएवढी चीर. वडिलांनी तिच्यावरून बोट फिरवलं, म्हणाले, "ही जुनीच आहे." नव्हती हो. मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. मी एकट्यानं करणार होतो, आणि बघा, खोटंसुद्धा मला एकट्याला बोलावं लागलं नाही.

आईनं कुंपणासकट सगळ्यांना चहा दिला. मला राहवेना. मी हातात कप घेऊन पुन्हा भाषणाला उभा राहिलो, "बाबाजीकाका, काकू, तुमचे हे उपकार मी..." बाबाजी म्हणाले, "उपकार कसलं? ही सावड हाय. आज आमी तुज्यात, उद्या तू आमच्यात. कापणीला ये." हौसाकाकू म्हणाल्या, "माजा हात येगळा हां, माज्या भावाची पन कापणी हाय." महिपती म्हणाला, "माजी कंबर." मी वडिलांकडे बघितलं. वडील म्हणाले, "राहायचंय ना तुला? मग विचारतोस काय?"

कापणी सुरू झाल्यापासून भारे वाहतोय. माती, म्हटलं होतं ना, आता कानातसुद्धा आहे. डॅशबोर्ड रंगवून तयार आहे, नुसता बसवायचा राहिलाय. तो मात्र मी एकट्यानं... काल सहज बाबाजींना विचारलं, बसवायला किती माणसं लागतील? ते म्हणाले, "तेवडीच. तू काळजी नको करू. भाताची लावणी अजून लांब हाय."