समुद्राचं पीक

सत्त्याऐंशी साली नागपूर स्टेशनच्या फलाटावर माझ्या शेजारी काटोलचे एक संत्राबागवाले आणि त्यांची मुलगी बसली होती. मुलीला गोव्याला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. तिकीट मात्र बापाच्या खिशात होतं.

“समुद्र पाह्यला का वं तू कधी?”

“नाही, बाबा. तुमीबी नाही पाह्यला.”

“मंग तिथं करशील काय?”

“समुद्रातबी पीक येते. वाऱ्यानं खालचं पाणी वर आलं का त्याच्यासंगं खत वर येते. त्याच्यावर बारीक शेवाळ वाढते, अन ते मासे खातात.”

“अन तू?”

“कॉम्प्युटरवर आकड्यांचा समुद्र मांडायचा. वारा कमी झाला तर पीक किती घटते, ते पाह्यचं.”

“न पाह्यलेल्या बागेचा अंदाज! आपला बेपारीबी फूल पाहूनच बाग घेते.”

“म्हणून तर जाऊन राहिली.”

“एवढ्या दूर, एकटी.”

“बहराच्या आधी तुमी झाडांचं पाणी तोडत होते, तवा मी रडत होती. आठवते?”

“पानं गळली का रडे तू.”

“अन तुमी म्हणत, थोडी कळ काढ, फुलं येतीन. मंग आता तुमी काहून रडून राहिले?”

गाडीची घंटा झाली. त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि खिशातून तिकीट काढलं.

“घे. पण पीक कमी दिसलं, तर पहिले मले लिहजो.”