सांबोंगचा काढा आणि मुलीची मागणी

नाही, मला सांगा, डोकं दुखत होतं ना माझं? मग काढा पोटात कशाला? पण आमच्या आत्याला, तिया पासिंगला, विचारणार कोण! तुम्हाला सांगतो, आमच्या गावात डोकं दुखो, पाय मुरगळो, खोकला होवो, बाई बाळंत होवो... औषध काय? सांबोंग! रानात माजलेलं ते लवदार पान. चार पानं माझ्या कपाळाला चिकटवली, उरलेली उकळली आणि मगभर काढा नरड्यात ओतला. वर म्हणते, "पी रे डेल्फिन, आज मुलीला मागणी घालायचीय." अहो, म्हणूनच तर नको म्हणतोय! त्या काढ्यानं लघवीला किती होते, हे काय गावाला ठाऊक नाही?

निघालो लिगायाच्या घरी. पुढे वडील, मागे आत्या, मध्ये भाजलेलं डुक्कर आणि मी, कपाळाला पानं लावून! काढली तर गुण जातो म्हणे. समोर लिगायाची आजी, लोला उपेंग. तिनं हो म्हटलं तर लग्न, नाहीतर डुक्कर त्यांना आणि आम्ही घरी. वडील खाकरले, "आम्ही आलोय ते आमच्या डेल्फिनसाठी..." आणि डेल्फिन कुठाय? उठला!

संडासाचं दार पाहुण्यांसाठी म्हणून त्याच सकाळी रंगवलेलं, ओलं. मग बांबूच्या बेटाआड. तिथं वारूळ, आणि आमच्याकडे म्हणतात, वारुळात एक अदृश्य म्हातारा राहतो. त्याला न विचारता बसलात की नको तिथं सूज येते. आणि सुजेवर औषध काय? सांबोंग! म्हणून हात जोडून म्हटलं, "आजोबा, जरा बाजूला व्हा."

आलो, बसलो, वडील खाकरले... मी पुन्हा उठलो! असं किती वेळा झालं विचारू नका. शेवटी लिगाया दारात आडवी आली, रडवेली झालेली. "मी नको असेन तर तोंडानं सांग ना." काय सांगू हो तिला? थांबायची सोय होती?

परत बांबूआड. "आजोबा, पुन्हा मीच, माफ करा, थोडं सरका..." मागे वळतो तर खिडकीत लोला उपेंग! संपलं म्हटलं सगळं.

आत गेलो तर म्हातारी वडिलांना म्हणते, "जो पोरगा न दिसणाऱ्याशी एवढ्या अदबीनं बोलतो, तो माझ्या नातीला काय त्रास देणार? दिली मुलगी." खरं सांगतो, इतका आनंद झाला की डोळ्यांतून पाणी आलं... तिथूनही पाणीच!

मग लोलानं मायेनं माझा हात धरला. "पण बाळा, सारखं जावं लागतं तुला. मूत्रपिंडाचं दुखणं दिसतंय." आणि स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली. आला की हो मग, वाफाळता, काठोकाठ!

आता औषध काय, ते तुम्हीच सांगा... प्यायलो. नव्या जावयाला नाही म्हणता येतं होय?