राहीबाईची पाटीभर माती

सन्माननीय अध्यक्ष हंबीरराव आबा, आज सेवानिवृत्त होत असलेले उपअभियंता श्री. गंगाधरपंत करंबेळकर साहेब, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आणि उन्हातून चालत येऊन मागच्या सतरंजीवर बसलेल्या माझ्या बहिणींनो,

रहिमतपुरात असा देखणा समारंभ पुष्कळ दिवसांनी होतो आहे. मला बोलायला सांगितलं याबद्दल मंडळाची मी ऋणी आहे. मी काय बोलणार हे त्यांनी आधी विचारलं नाही, याबद्दल अधिकच.

मघाशी एका वक्त्यांनी साहेबांना भगीरथ म्हटलं. मी पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे भगीरथाची आणि माझी ओळख जरा उशिरा झाली. पण त्यानं कुणाच्या घरात शिरून चूल तपासल्याचं कुठे वाचलेलं आठवत नाही.

त्र्याहत्तरचा उन्हाळा तुम्हाला आठवतो. माळावर तलावाचा बांध घालायचं दुष्काळी काम निघालं होतं. आमच्या महिला मंडळानं तिथे लिंबाखाली पाळणाघर चालवलं. साड्यांच्या झोळ्या, त्यात झोपलेली पोरं, आणि पाट्या डोक्यावर घेऊन जाणाऱ्या त्यांच्या आया. मला अजून तो माळ स्वप्नात दिसतो. बायकांच्या टोळीची मुकादम होती राहीबाई. मालक फौजेत, घरी ती आणि लहान मुलगी. तिचा आवाज असा, की झोळीतली पोरंसुद्धा रडायची थांबत.

साहेबांनी मातीचा हिशेब मांडला. खड्ड्यांची लांबी, रुंदी, खोली धरली, म्हणजे निघालेली माती कळली. मग बांधाचं माप घेतलं, म्हणजे पडलेली माती कळली. आणि बांधावरची माती कमी भरली. आता आपण काय केलं असतं? खड्ड्यातली माती मोकळी होऊन बांधावर पडते, तिच्यावर पाणी मारतात, रोलर फिरतो, बायका धुमसानं ठोकतात. ती दबून बसणार नाही का? पाचगणीला आम्ही सुट्टीत घरी निघताना सिस्टर आमच्यातल्या दोघींना ट्रंकेवर बसवून झाकण लावायच्या. पलंगावरचा कपड्यांचा ढीग ट्रंकेत मावला, म्हणजे कुणी कपडे पळवले, असं त्या साध्या बाईंना कधी सुचलं नाही. साहेबांना सुचलं. शिक्षणाचा फरक, दुसरं काय.

माती चोरीला गेली, असा निष्कर्ष निघाला. माळावरून, दुष्काळात, माती. आणि चोर शोधायला माणसं गावात पाठवली गेली.

राहीबाईनं पाडव्यासाठी चूल सारवली होती, भिंतीला पोतेरं फिरवलं होतं. ओली माती सापडली. पुरावा मिळाला. दुसऱ्या दिवशी सगळ्या टोळीसमोर साहेबांनी तिला उभं केलं.

ती म्हणाली, "आवं सायेब, एवढ्या मातीचं मी काय केलं आसंल? खाल्ली व्हय? मी काय गांडूळ हाय?"

बायका हसल्या. साहेबांना हसलेलं चालत नाही, हे इथल्या कर्मचारीवर्गाला मी सांगायला नको. त्यांनी तिला कामावरून काढलं. मी विश्रामगृहावर जाऊन त्यांना विनंती केली. ते चहा पीत होते. म्हणाले, "बाई, तुम्ही पोरं सांभाळा. गणित खोटं बोलत नाही."

आठवड्यानं साताऱ्याहून मोठे साहेब आले. कागद पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "दबाईची घट धरलीत का?"

आपले सत्कारमूर्ती म्हणाले, "ती राहिली, सर."

राहिली. जशी एखाद्याची छत्री एसटीत राहते. पाळणाघरातून मी हे माझ्या कानांनी ऐकलं. कागद दुरुस्त झाला, बांध पुरा झाला, तलाव भरला. साहेबांचा फोटो निघाला, तो आज इथे हार घालून लावला आहे. राहीबाईला मात्र कुणी बोलवायला गेलं नाही. मी दोनदा साहेबांना म्हटलं, की टोळीसमोर एक शब्द बोला. ते म्हणाले, विषय संपलेला आहे.

त्यांचा संपला होता. तिचे मालक रजेवर आले, तर एसटीच्या फाट्यावरच कुणीतरी विचारलं, "का रं फौजी, बंगला बांधतूस व्हय? कारभारनीनं लय माती साठीवलीया म्हनं." त्या माणसानं पुढच्या रजेत बिऱ्हाड आष्ट्याला तिच्या माहेरी हलवलं.

परवा मी आष्ट्याला जाऊन आले. केस पिकलेत, आवाज तोच आहे. म्हटलं, करंबेळकर साहेबांचा निरोप समारंभ आहे, चल. ती म्हणाली, "मी कशाला? चोराला कुनी आवतान देतं व्हय?" मग हसली, अंगणात गेली, आणि ही पाटी भरून आणली. "सायबाला द्या म्हनावं माज्याकडनं. कमी पडली हुती न्हवं."

आबा, माझ्या खुर्चीखाली ठेवलेली हीच ती पाटी. शालीशेजारी शोभणार नाही, पण ठेवते.

साहेब, तिला हवं होतं ते तुम्ही चार माणसांत म्हणाला नाहीत. आज हॉल भरलेला आहे, म्हणून मीच म्हणते. राहीबाईनं माती चोरली नव्हती. मागच्या बायकांनी हे फाट्यावर उभं राहून सांगावं.

आणि एक विनंती. पाटी काठोकाठ भरलेली आहे, सर्वांनी पाहून घ्या. सांगलीला तुमच्या घरापर्यंत जीपचे धक्के बसतील, माती दबेल, पोचेपर्यंत ती थोडी खाली गेलेली दिसेल. कृपा करून आष्ट्याला माणूस पाठवू नका.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. मानाच्या जागी मान द्यायला माझ्याकडून काही कमी पडलं असेल, तर तीही दबाईची घट समजून मला सांभाळून घ्या.