दोन ते तीनचा तास

(नागपूर. मे महिन्यातली दुपार. सुमतीमावशींच्या घरची बैठक.)

कामिनी : पाणी राहू द्या, मावशी. बसा तुम्ही. मी एकच गोष्ट विचाराले आली.

सुमती : अवं, पण अशी उन्हातून आली, दुपट्टा बी नाही डोक्याले! लू लागली म्हणजे? घोटभर तरी घे माठातलं. नवरा कुठं आहे तुहा, जितेंद्र?

कामिनी : मिहानले, कंपनीत. आजपासून ड्यूटीवर गेला. घरात बसून भिंती पाहून राहिला होता, मीच पाठवला.

सुमती : बरं केलं बाई. कामात माणूस जरा विसरते. आज दहावा दिवस ना वं?

कामिनी : अकरावा. मावशी, साखळी प्रार्थनेत शनिवारी दुपारी दोन ते तीनचा तास तुमचा होता ना?

सुमती : हाव. यादी तर चर्चच्या दरवाज्यालेच लागली होती. बहात्तर तास, बहात्तर घरं. आपला तास झाला का पुढच्याले फोन कराचा, का आता तुम्ही बसा. तुह्या रूबेनसाठी अख्खी मंडळी गुडघ्यावर आली वं. इतक्या वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं.

कामिनी : रूबेन दोन चाळीसले गेला.

सुमती : माहीत आहे, पोरी.

कामिनी : म्हणजे तुमच्या तासात.

सुमती : त्याची इच्छा, बाई. आपण माणसं, आपल्या हातात काय...

कामिनी : ते नका सांगू. अकरा दिवस तेच ऐकून राहिली. भागीरथाकाकू सांगत होत्या, तुमच्यानंतरचा तास त्यांचा, पण तीनले तुमचा फोन नाही आला. सव्वातीनले त्यांनीच लावला. तर तुम्ही म्हणाल्या, प्रार्थनेत होती, घड्याळाचं भानच नाही राहिलं.

सुमती : त्या भागीरथाच्या तोंडात तीळ भिजत नाही!

कामिनी : पाळकसाहेबांनी बी सांगितलं तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेले. का पोरगं देवाच्या दारात जाऊन राहिलं होतं, तेव्हा आपली एक म्हातारी बहीण प्रार्थनेत त्याचा हात धरून बसली होती. लोक रडले. जितेंद्र रडला. माती देताना नव्हता रडला तो.

सुमती : माझं नाव घेऊ नका म्हटलं होतं मी त्यांले.

कामिनी : नाही घेतलं. सगळ्यांले माहीतच होतं. मावशी, काय मागून राहिल्या होत्या तुम्ही? मले शब्द न् शब्द सांगा.

सुमती : प्रार्थना अशी आठवते का वं कोणाले? ती पाठ केलेली कविता थोडीच आहे.

कामिनी : जेवढं आठवते तेवढं.

सुमती : हेच आपलं. का बापा, लेकराले तुझा हात लाव. त्याच्या डोक्यातला ताप उतरव. मायच्या पदरात परत दे.

कामिनी : म्हणजे जीवच मागितला ना त्याचा?

सुमती : मंग दुसरं काय मागीन मी?

कामिनी : नाही, मले पक्कं कराचं होतं. चांगलं झालं. लई चांगलं झालं, मावशी.

सुमती : असं काहून बोलून राहिली? आडवी होतं का जरा?

कामिनी : मी दुसरं मागितलं होतं.

सुमती : काय मागितलं?

कामिनी : घेऊन जा म्हटलं त्याले.

सुमती : कामिनी!

कामिनी : बारा दिवस व्हेंटिलेटरवर होता तो. हाताच्या शिरा भेटेनात म्हणून पायाले सुया लावल्या. डोळे मिटत नव्हते, म्हणून सिस्टर वरून पट्टी चिकटवत होती. नऊ वर्षांचं पोट्टं. पट्टी काढली का पापणीचे केस तिच्यासोबत येत. डॉक्टर रोज सांगे, मेंदू सुजला, वाट पाहू. अडीचले जितेंद्र खाली मेडिकलमध्ये गेला. मी एकटी होती. मी वर पाहून म्हटलं, प्रभू, पुरे आता. घेऊन जा. उद्या नको, आत्ता. अन् दहा मिनिटांत मशीनवरची रेघ सरळ झाली.

सुमती : मायच्या तोंडून निघते वं असं. लेकराचे हाल नाही पाहवत.

कामिनी : दहा मिनिटं, मावशी. मी जन्मभर काय काय मागितलं. नोकरी मागितली, घर मागितलं, रूबेनच्या पाठीवर एक पोरगी मागितली. कधी दहा मिनिटांत उत्तर नाही आलं.

सुमती : नको असं बोलू. देव घाबरवाले नाही बसला.

कामिनी : तीन रात्री मी डोळे नाही लावले. मंग पाळकसाहेबांनी तुमचं सांगितलं. मले वाटलं, थांब. इकडं मी एकटी घेऊन जा म्हणून राहिली, अन् तिकडं त्याच टायमाले सुमतीमावशी नेऊ नको म्हणून राहिल्या, घड्याळाचं भान सोडून. ज्यांनी मले हात जोडाले शिकवलं, त्या. तुमचं टाकून देव माझं काहून ऐकन? नाही ऐकणार. म्हणजे माझ्या बोलण्यानं नाही गेला तो. त्याची वेळच भरली होती. त्या दिवसापासून मले दोन-दोन घंटे झोप येऊन राहिली, मावशी. वरण-भात बी खाल्ला काल.

सुमती : बरं केलं. खात जा. अंगात ताकद पाहिजे.

कामिनी : एक करा माझ्यासाठी. तीच प्रार्थना पुन्हा एकदा माझ्यासमोर करा. मी इथं तुमच्या बाजूले बसते. मले कानानं ऐकाची आहे. मंग तुम्हाले कधीच त्रास नाही देणार.

सुमती : आता? अवं, माझे गुडघे...

कामिनी : खुर्चीवर बसून करा. देव गुडघे पाहते का?

सुमती : बरं. डोळे मीट. दयाळू बापा... आम्ही तुझ्याजवळ येतो. हे लेकरू, तुझं रूबेन... त्याच्यावर तू... बापा, तुले तर सगळंच... नाही वं. नाही होत मले.

कामिनी : करा ना. मी नाही रडत, पाहा.

सुमती : तुह्यासाठी नाही थांबली मी. भागीरथाशी खोटं बोलली, पाळकाशी बोलली, आता तुह्याशी बी बोलली. पण डोळे मिटून देवाच्या तोंडावर नाही बोलता येत. कामिनी, मी झोपली होती.

कामिनी : कधी?

सुमती : माझ्या तासात. पहाटे चारले उठून दवाखान्यातल्या आपल्या लोकांसाठी मीच पोळ्या लाटल्या होत्या, पन्नास-साठ. दोनले गुडघ्यावर बसली, तर गुडघे ठणकले. म्हटलं दिवाणावर टेकून करते. कूलर लावला. बस, पाच मिनिटं म्हटलं. भागीरथाच्या फोननं जाग आली. लाज वाटली, म्हणून तोंडाले येईल ते बोलली. अन् तिनं ते गावभर केलं. रूबेनची खबर तर मले त्याच्यानंतर समजली. मंग कोणत्या तोंडानं सांगू?

कामिनी : झोप कधी लागली? दोन चाळीसच्या आधी का नंतर?

सुमती : काय सांगू तुले...

कामिनी : आठवा, मावशी. थोडं तरी मागितलं असन ना. झोप लागाच्या आधी. एक वाक्य तरी.

सुमती : बापा म्हटलं. त्याच्या पुढचं नाही आठवत.

कामिनी : रूबेनचं नाव?

सुमती : नाही वं, पोरी. नावापर्यंत नाही पोचली मी.

कामिनी : म्हणजे त्या तासात मी एकटीच बोलून राहिली होती देवाशी.

सुमती : असं कसं? अवं, माझ्या आधीच्या घरांनी मागितलंच होतं न! शुक्रवार पहाटेपासून लोक बसले होते. जीवच मागून राहिले होते सारे.

कामिनी : ते मागत होते तोपर्यंत जिवंत होता तो.

सुमती : देव असा नाही वं! असा कान लावून टपून नाही बसत तो, का कोण चुकते अन् कोणाचं ऐकू.

कामिनी : तुम्हीच शिकवलं. संडे स्कूलमध्ये, जांभळाच्या झाडाखाली. खऱ्या मनानं मागा पोरांनो, तो ऐकते. तेवढ्या खऱ्या मनानं मी उभ्या जन्मात कधी नाही मागितलं.

सुमती : मले जे शिकवलं, ते मी तुम्हाले शिकवलं. मी सत्तरीची झाली, अजून मले नाही समजलं तो कोणाचं ऐकते अन् काहून नाही ऐकत. हे तुम्हाले तेव्हाच सांगाले पाहिजे होतं. नाही सांगितलं. माझीच हिंमत नव्हती.

कामिनी : मी निघते.

सुमती : थांब. अशी नको जाऊ. रविवारी मी उभी राहते चर्चमध्ये. साऱ्या मंडळीसमोर सांगते, का सुमती झोपली होती. पाळकसाहेबांचं तोंड उतरलं तरी चालन. मले त्याची शिक्षा भोगू दे.

कामिनी : तुम्ही काही नका बोलू.

सुमती : काहून?

कामिनी : जितेंद्रचा जीव त्याच एका गोष्टीवर टिकून आहे. भेटाले कोणी आलं का तो तेच सांगते, का आमचं पोरगं एकटं नाही गेलं, सुमतीमावशी होत्या. त्याच्यावर जेवते तो, त्याच्यावर झोपते. मी काय मागितलं ते बी त्याले माहीत नाही. तुम्ही उभ्या राहिल्या तर तो मले विचारन, मंग त्या टायमाले कोण होतं?

सुमती : अन् लोक मले चर्चच्या पायरीवर हात लावून पाया पडाले येतात, त्यांले काय सांगू? परवा कौशल्या आली होती. म्हणे, मावशी, माह्या नातीवर हात ठेवा. मी ठेवला, कामिनी! मले नाही सहन होत हे.

कामिनी : करा सहन.

सुमती : मले माफ कर वं, पोरी. तुझ्या पाया पडते मी.

कामिनी : उठा, मावशी. तुमचं काय माफ करू? तुम्ही तर झोपल्या होत्या. जागी मी होती.