डॉक्टरीणबाईंचा चष्मा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मावशी-भाची बसल्या होत्या. भाचीला आता चष्मा घालवायच्या लेझरसाठी आत बोलावणार होते.

“ऐन वेळी शिंक आली तर गं?”

“डोळा जरा हलला की लेझर आपोआप थांबतो, मावशी.”

“एवढं चांगलं आहे, तर डॉक्टरीणबाईंच्या नाकावर तो जाडजूड चष्मा कसा?”

“विचारलं मी. त्यांच्या बुबुळावरचा पडदा लेझरसाठी फार पातळ निघाला. तपासणीत त्यांनी स्वतःलाच नापास केलं.”

“स्वतःच्याच दवाखान्यात?”

“हो. आणि गेल्या आठवड्यात त्यांच्या सख्ख्या भावालाही परत पाठवलं.”

“तुझा पडदा नीट पाहिला ना?”

“तीनदा मोजला, तेव्हा कुठे हो म्हणाल्या.”

“आण तुझा चष्मा, मी सांभाळते. आणि त्यांना विचार, माझेही डोळे मोजतील का. नापास केलं तरी चालेल.”