छातीतला कापूस

(गिरणी कामगारांचा संप विरून गेला ते वर्ष. परळचं एक इस्पितळ. कुशाबाच्या तोंडावरचा ऑक्सिजन नुकताच काढलाय. खाटेशी बायको सुभद्रा आणि डॉ. दमयंती.)

दमयंती: पण छातीत कापूस आत्ता कुठून येईल? दोन वर्षं तुम्ही गिरणीत पाऊल टाकलेलं नाही.

कुशाबा: आत बसलाय ना, डॉक्टरीणबाई. म्हणून तर संपानंतर जॉबर, आमचा मुकादम, कामावर बोलवायला घरी आला, तेव्हा मीच म्हटलं, छाती गेली, माझे साचे, माझे माग, दुसऱ्याला दे.

दमयंती: आज दम लागायच्या आधी गोळी वगैरे घेतलीत?

कुशाबा: गोळी? मी? जन्मात नाय!

सुभद्रा: घेतात की. डोकं धरलं की सुंठेच्या चहात चुरून घालते मी.

कुशाबा: काय गो बोलतेस?

सुभद्रा: हातात दिली तर फेकता. नाक कायम चोंदलेलं, चव कुठे कळते तुम्हाला! शेजारची मालन पण नवऱ्याला अशीच देते. आज दम लागला म्हणून वर अजून एक दिली.

दमयंती: अजून एक? अहो बाई, माणूस गेला असता!

सुभद्रा: डोकेदुखीच्या गोळीनं?

दमयंती: ऐका. पेशींभोवती चरबीचा पापुद्रा असतो. त्या चरबीतूनच शरीर निरोप बनवतं. एक निरोप लढणाऱ्या पेशींना सांगतो, दमानं घ्या. दुसरा सांगतो, तुटून पडा. ही गोळी पहिला निरोप बनूच देत नाही. सगळा माल दुसऱ्याकडे वळतो. पेशी बिथरतात, श्वासनळी आवळते.

कुशाबा: म्हणजे गिरणीतलं एक खातं बंद, दुसऱ्यात ओव्हरटाइम.

दमयंती: अगदी तसंच. सगळ्यांना नाही होत, काहींनाच. तुमच्या नाकातलं वाढलेलं मांस त्याचंच लक्षण. कापसानं छाती जाते हे खरं, पण तुमची गेलेली नाही.

सुभद्रा: देवा रे! मी... माझ्या हातानं पाजत होते?

कुशाबा: बाई, म्हणजे मी साचे चालवू शकलो असतो?

दमयंती: हो. गोळी बंद असती, तर हो.

सुभद्रा: मी जाते जॉबरकडे. आत्ताच. पाया पडते त्याच्या.

कुशाबा: आणि कोंडीरामाला काय सांगशील? माझ्या साच्यांवर तो उभा आहे. संपात त्याची पोरं आपल्याकडे जेवायची. त्याला म्हणू, खाली उतर?

सुभद्रा: मग मला तरी बोला. शिव्या घाला.

कुशाबा: घालीन गो. श्वास आत्ता कुठे आलाय. थोडा घेऊ दे.